खांद्यावरचा टायर

इटलीत सिएना शहराजवळ, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमध्ये गायोले इन किआंती नावाचं छोटंसं गाव आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पुरतं उजाडलेलंही नसतं तेव्हा, या गावात हजारो सायकलस्वार जमतात. एखादा अनोळखी माणूस त्या वेळी तिथे पोचला तर त्याला वाटावं, सिनेमाचं शूटिंग चाललं आहे. जाड लोकरीच्या जर्सी, जर्सीच्या छातीवर खिसे, कापडी टोप्या, पायात काळे चामड्याचे बूट. कुणी मिशांना पीळ भरलेला. आणि पुष्कळांच्या पाठीवर एक वस्तू हमखास दिसते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन दोन्ही खांद्यांतून अडकवलेला सायकलचा टायर.

या सफरीचं नाव 'एरोइका', म्हणजे वीरांची. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्ची यांनी ती सुरू केली तेव्हा ९२ जण आले होते. त्यामागचा हेतू मोठा साधा होता. तोस्कानातले पांढऱ्या मातीचे आणि खडीचे जुने रस्ते डांबराखाली नाहीसे होत चालले होते. ते वाचवायचे, तर त्या रस्त्यांवरून जाणारी माणसं हवीत, आणि तीही ज्या काळचे ते रस्ते त्या काळच्या सायकलींवरून जाणारी. सर्वांत लांबचा मार्ग २०९ किलोमीटरचा, त्यातला मोठा हिस्सा कच्चा. वाटेत खाण्याच्या थांब्यांवर भाज्यापावाचं दाट सार, ऑलिव्हचं तेल लावलेला पाव आणि लाल वाइन. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. याच रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिकांची शर्यतही होऊ लागली आणि आज ती जगातल्या नावाजलेल्या शर्यतींपैकी एक आहे. तो विषय वेगळा.

एरोइकाला जायचं तर तयारी बरीच लागते. सायकल १९८७ पूर्वीची हवी. गिअरचे खटके हँडलवर चालत नाहीत, ते खालच्या तिरक्या दांडीवर हवेत. ब्रेकच्या तारा हँडलच्या पट्टीखाली लपवलेल्या नकोत, वरून कमान करून जाणाऱ्या हव्यात. पायडलला पुढे पिंजरा आणि चामड्याचा पट्टा हवा. १९८७ हा आकडा कुठून आला, असा प्रश्न पडेल. त्याच सुमारास सायकल बदलली. बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या बुटाला जोडणारे खटके बनवणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने तोच खटका पायडलवर बसवला, १९८५ ची टूर द फ्रान्स बेर्नार इनोने तसल्या पायडलवर जिंकली आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. लोकरही त्याच काळात गेली आणि कृत्रिम धाग्याचे घट्ट, चकचकीत कपडे आले.

कपड्यांच्या बाबतीत एरोइकाचं म्हणणं असं, की वेश त्या जुन्या काळाला शोभणारा असावा. डोक्यावरचं हेल्मेट मात्र आजचं चालतं, आणि माझ्या मते तेच घालावं. जुन्या फोटोंत दिसणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांच्या टोपीने डोकं फारसं वाचत नसे. बाकी सगळं जुनं असायला हरकत नाही.

पण हे 'बाकी सगळं' म्हणजे काय, ते कुठून आलं, हे पाहू लागलं की गंमत कमी होते आणि दुसरंच काही हाती लागतं. पाठीवरचा तो टायर हौसेने बांधलेला नव्हता. दोन जर्सी हौसेने घातलेल्या नव्हत्या. हा वेश म्हणजे एका नियमपुस्तकाची छाया आहे. ते नियमपुस्तक पाहायचं तर इटलीतून फ्रान्समध्ये जावं लागतं, आणि शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

१ जुलै १९०३ रोजी पॅरिसच्या बाहेरून पहिली टूर द फ्रान्स निघाली. 'लोटो' नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून तिची योजना झाली होती आणि सूत्रं होती संपादक अँरी देग्रांज यांच्या हाती. पहिला टप्पा पॅरिस ते ल्यों, ४६७ किलोमीटर. रात्रभर सायकल मारायची. साठ जण निघाले, एकवीस जण शेवटपर्यंत टिकले. जिंकला मोरिस गारँ, जो लहानपणी धुराडी साफ करण्याचं काम करत असे. या शर्यतीतली बहुतेक माणसं अशीच होती. कुणी लोहारकाम केलेलं, कुणी गवंडी, कुणी शेतमजूर. कारखान्यातल्या किंवा शेतातल्या बारा तासांपेक्षा सायकलवरचे सोळा तास बरे, असा त्यांचा हिशेब.

देग्रांज यांचा आग्रह असा, की ही माणसाची परीक्षा आहे. यंत्राने किंवा दुसऱ्याने केलेली मदत चालणार नाही. गिअर ही त्यांना दुबळ्यांची सोय वाटे, आणि टूरमध्ये गिअर बदलणारं यंत्र सर्वांना वापरता आलं ते १९३७ साली, देग्रांज यांनी सूत्रं खाली ठेवल्यानंतर. तोवर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना दोन वेगवेगळी दातेरी चाकं असत. चढ आला की उतरायचं, चाक सोडवायचं, उलटं करून बसवायचं, चेन घालायची आणि पुढे निघायचं. चाक घट्ट धरायला कानांचे नट असत. थंडीत बोटं बधिर झाली की ते नट सुटत नसत. इटलीत तुल्यो कांपान्योलो नावाचा एक सायकलस्वार १९२७ साली बर्फात असाच अडकला आणि त्यातून एका खटक्यात चाक सुटेल अशा दांड्याची कल्पना त्याला सुचली, असं सांगतात. आज ज्या सायकलींवर हे हौशी लोक निघतात त्यांतल्या कित्येकींवर त्याच्या कारखान्याचं नाव असतं.

मदत नको म्हणजे पंक्चरही स्वतःच काढायचं. त्या शर्यतीच्या सायकलींचा टायर आपल्या नेहमीच्या टायरसारखा नसे. आत ट्यूब घालून कापडी टायर नळीसारखा शिवून टाकलेला असे आणि तो चाकाच्या रिमवर सरसाने चिकटवलेला. आपल्याकडे जसं ट्यूब बाहेर ओढून, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे पाहून, खरडून, सोल्युशन लावून तुकडा चिकटवतात, तसं इथे रस्त्यावर करता येत नाही. शिवण उसवावी लागते. त्यापेक्षा अख्खा टायर उपटायचा आणि दुसरा बसवायचा. म्हणून जादा टायर जवळ हवा. तो ठेवायचा कुठे? हँडलवर टाकला तर सायकल डगमगते, खिशात मावत नाही. म्हणून खांद्यावर. आठचा पीळ अशासाठी, की छाती मोकळी राहते, हात मोकळे राहतात आणि टायर घसरून पोटाशी येत नाही. तेव्हाच्या फोटोंत धुळीने माखलेले चेहरे, डोळ्यांवर मोटारवाल्यांचे गॉगल आणि खांद्यावर हे टायर असे स्वार दिसतात.

या नियमाची किंमत एका माणसाने पुरेपूर मोजली. त्याचं नाव युजेन क्रिस्तोफ. १९१३ च्या टूरमध्ये पिरेनीज पर्वतातली तुरमाले खिंड उतरताना त्याच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क मोडला. दुसरी सायकल घ्यायला बंदी, दुसऱ्याची मदत घ्यायला बंदी. मोडकी सायकल खांद्यावर टाकून तो दहा-बारा किलोमीटर चालत खाली सँत-मारी-द-काँपां या गावात आला. तिथे लोहाराची भट्टी होती. क्रिस्तोफ तरुणपणी कुलपं बनवण्याचं काम शिकला होता, त्यामुळे लोखंड कसं तापवायचं, कसं जोडायचं हे त्याला ठाऊक होतं. लोहार बाजूला उभा, शर्यतीचे पंच नजर ठेवून, आणि क्रिस्तोफ घाम गाळत चिमटा जोडतो आहे असे काही तास गेले. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून भाता एका पोराने मारला. झालं. पंचांनी ही परक्याची मदत ठरवली आणि इतका वेळ गमावलेल्या माणसाला वर दंडाची मिनिटं लावली. त्या गावात आज या घटनेची आठवण सांगणारा फलक आहे.

हाच क्रिस्तोफ पुढे पिवळ्या जर्सीचा पहिला मानकरी झाला. पहिलं महायुद्ध संपून आठच महिने झाले होते. सायकल कंपन्यांची स्थिती खालावलेली, स्वतंत्र संघ उभे करायला पैसा नव्हता, म्हणून बरेचसे स्वार एकाच संयुक्त संघातून, एकसारख्या राखाडी जर्सी घालून उतरले. रस्त्याच्या कडेला उभ्या लोकांना पुढे कोण आहे हेच कळेना. तेव्हा १९ जुलै १९१९ रोजी ग्रनोब्ल इथे आघाडीवरच्या माणसाला पिवळी जर्सी देण्यात आली. 'लोटो' दैनिक पिवळ्या कागदावर छापलं जाई, तोच हा रंग. लोकांनी क्रिस्तोफला पिवळी कॅनरी म्हणून चिडवलं. पुढे शर्यत संपायला थोडेच दिवस उरले असताना त्याचा चिमटा पुन्हा मोडला आणि पिवळी जर्सी फिर्मँ लांबोकडे गेली.

आता त्या दोन जर्सींची गोष्ट. या सगळ्या वेशाबद्दल सांगण्यासारखी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच.

टूरचे टप्पे मध्यरात्रीनंतर दोन वाजता वगैरे सुटत. समुद्रकाठची रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन, दोन्ही एकाच दिवशी झेलायचं. साहजिकच माणसं निघताना एकावर एक दोन जर्सी चढवत आणि ऊन चढलं की वरची काढून फेकून देत. नियम मात्र असा होता, की जेवढं सामान घेऊन निघालात तेवढं घेऊन पोचलं पाहिजे. वाटेत काही टाकायचं नाही. आदल्या वर्षीचा विजेता अँरी पेलिसिए याच्याशी याच नियमावरून १९२४ साली वाद झाला. त्याने एक जर्सी फेकली होती. ती संस्थेची मालमत्ता आहे, असं त्याला सांगण्यात आलं. ती माझी स्वतःची आहे, असं त्याचं उत्तर. मग शेर्बूरहून तिसरा टप्पा निघताना एक पंच काही न बोलता त्याच्याजवळ आला आणि आत किती जर्सी आहेत हे पाहायला त्याने पेलिसिएची जर्सी वर उचलली.

पेलिसिए त्या दिवशी कुतांस गावापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरिस व्हिल हेही उतरले. स्टेशनजवळच्या कॅफेत तिघं गरम चॉकलेट पीत बसले असताना अल्बेर लोंद्र नावाचा वार्ताहर त्यांना गाठायला आला. हा क्रीडा वार्ताहर नव्हे. आदल्याच वर्षी त्याने फ्रेंच गयानातल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेवर लिहून सरकारला हादरवलं होतं. पेलिसिए बंधूंनी त्याच्यापुढे आपल्या पिशव्या रिकाम्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्यांच्या डब्या. अंगाची सालं निघालेली, पायांची नखं गळलेली. हे सगळं सोसू, पण जनावराला लावत नाहीत ते नियम माणसाला का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. दुसऱ्या दिवशी 'ल पेती पारिसियँ'त ते छापून आलं आणि रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी हे बिरुद टूरच्या स्वारांना कायमचं चिकटलं. खूप वर्षांनी फ्रान्सिसने सांगितलं, की लोंद्रला सायकलीतलं फार कळत नव्हतं, आम्ही थोडं तिखटमीठ लावलं. लावलं असेलही. पण जर्सी उचलून पाहिली गेली, हे काही त्या तिखटमिठात मोडत नाही. कामावर आलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे मालकाचे की त्याचे, हा प्रश्न त्या थंड पहाटे एका लोकरीच्या जर्सीने विचारला होता.

ती टूर जिंकली इटलीच्या ओताव्यो बोतेक्याने. मूळचा गवंडी. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती, आणि पैसे वाचावेत म्हणून तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, तीच जर्सी घालून मिलानला परतला असं सांगतात.

१९२४ चाच उन्हाळा तोंडावर असताना इटलीत आणखी एक गोष्ट घडली होती. जिरो द'इतालिया या शर्यतीवर मोठ्या संघांनी पैशांच्या वादातून बहिष्कार टाकला, म्हणून आयोजकांनी ती एकेकट्या स्वारांना खुली केली. त्यांत आल्फोन्सिना स्त्रादा ही ३३ वर्षांची बाई होती. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि गडद जर्सी, म्हणजे पुरुषांचाच वेश. त्या काळच्या इटलीत रस्त्यावर बाईचे उघडे पाय दिसणं हीच मोठी बातमी. तिला टवाळी मिळाली तशी फुलंही मिळाली. लाक्विला ते पेरुजा या वादळी टप्प्यात पडून तिचं हँडल मोडलं, तेव्हा केरसुणीचा दांडा तोडून तिने तो हँडलच्या जागी बसवला आणि ती पोचली, पण वेळेनंतर. नियमाप्रमाणे ती बाद. तरीही आयोजकांनी तिला हिशेबाबाहेर राहून पुढे येऊ दिलं. नव्वद जण निघाले होते, तीस जणांची नावं निकालात लागली. आल्फोन्सिना निकालात नाही, पण मिलानला ती सायकलवरूनच आली.

हे सगळं ठाऊक असलं की एरोइकाची तयारी वेगळ्या नजरेने होते. नुसता नाटकाचा पोशाख म्हणून ते कपडे चढवले तर माझी काही तक्रार नाही, हौसेला मोल नसतं. पण त्यातली प्रत्येक वस्तू कशासाठी होती हे कळलं, तर ती नीट वापरताही येते.

लोकरीचंच घ्या. ऑक्टोबरातही दुपारी तिथे ऊन लागतं, मग लोकर कशाला, असं आपल्याला वाटेल. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल शोषते आणि तरी ओली वाटत नाही. घामाने भिजलेली सुती बंडी उतारावर वारा लागला की अंगाला बर्फासारखी चिकटते, लोकर तसं करत नाही. तिचा दोष एवढाच, की पावसात भिजली की ती लोंबते, खिशात केळी आणि पाना असला तर आणखीच. म्हणून जुनी जर्सी घेताना थोडी घट्ट घ्यावी, आणि जड वस्तू मागच्या खिशांत ठेवाव्यात. कसरीने खाल्लेली छिद्रं उन्हाकडे धरून तपासावीत.

चड्डीच्या आत बसण्याच्या जागी पूर्वी खरं मऊ चामडं शिवलेलं असे. धुऊन वाळवलं की ते पापडासारखं कडक होई आणि पुन्हा मलम चोळून मऊ करावं लागे. आज लोक बाहेरून लोकर आणि आतून आधुनिक गादी अशी तडजोड करतात. दोनशे किलोमीटर बसायचं असेल तर ही तडजोड शहाणपणाची.

बुटांना मात्र सरावच हवा. चामड्याच्या तळाला खाच असलेली पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असते, ती पायडलच्या कडेवर बसते, आणि वरून पट्टा आवळला की पाय पायडलला बांधला जातो. पट्टी केसभर तिरकी ठोकली गेली तर गुडघा दुखतो. आणि थांबायचं तर आधी वाकून हाताने पट्टा सैल करावा लागतो. हे विसरलेला माणूस थांब्यावर, सगळ्यांच्या देखत, सायकलसकट आडवा होतो. महिनाभर आधीपासून घराजवळच्या रस्त्यावर याची सवय करावी. आपल्याकडे धोतराला किंवा पँटला क्लिप लावून सायकलवर टांग टाकणाऱ्यांना या बांधील पायाची कल्पना येणं कठीण.

लांबच्या मार्गावर अंधारात निघायचं म्हणून दिवा लागतो. ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणारा रस्ता तेव्हा दुतर्फा दिव्यांनी उजळलेला असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि एक वर्तमानपत्र घ्यावं. घाटमाथ्यावर पोचलं की प्रेक्षकाकडून वर्तमानपत्र घेऊन ते जर्सीच्या आत छातीशी सारायचं, म्हणजे उतारावरचा वारा लागत नाही, ही सायकलस्वारांची फार जुनी युक्ती आहे. घामेजल्या अंगाला वारा बाधू नये यासाठी एवढं स्वस्त साधन दुसरं नाही. रविवारची पुरवणी जाड असते, ती अधिक बरी.

राहिला खांद्यावरचा टायर. तो फोटोत छान दिसतो म्हणून अडगळीतला, रबराला भेगा गेलेला टायर लोक बांधून येतात. तसं करू नये. एरोइकाला सुटे टायर, पंप आणि अवजारं आपली आपण न्यायची असतात. टायर आधी एखाद्या जुन्या रिमवर चढवून ताणलेला असावा, कोरा ताठ टायर रस्त्यावर बोटांनी चढत नाही. त्याच्या आतल्या बाजूला सरसाचा एक हात आधीच दिलेला असावा, म्हणजे बसवल्यावर पकड येते. आणि बांधण्यापूर्वी त्यात हवा भरून तो रात्रभर खुंटीला टांगावा आणि सकाळी अंगठ्याने दाबून पाहावा.